बाइटकोडची बाहेरची वाट: झुरिक, पुणे आणि मावळ

संगणकाचा प्रोग्रॅम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिला जातो, परंतु प्रोसेसरला केवळ त्याच्या स्वतःच्या घडणीच्या आकडेरूप आज्ञा कळतात. या दोहोंमधील भाषांतराचे काम कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची आज्ञावली निराळी असल्याने एका यंत्रासाठी भाषांतरित झालेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही. या अडचणीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा तोडगा निघाला, की कंपायलरने आज्ञा लिहाव्यात त्या एका कल्पित यंत्रासाठी, आणि ते कल्पित यंत्र प्रत्येक खऱ्या यंत्रावर एका लहानशा प्रोग्रॅमच्या रूपाने उभे करावे. कल्पित यंत्राच्या या आज्ञांना बाइटकोड म्हणतात, कारण त्यातील प्रत्येक आज्ञेची ओळख बहुधा एका बाइटात मावते. आणि त्या आज्ञा एकेक करून वाचून पाळणाऱ्या प्रोग्रॅमला इंटरप्रीटर किंवा, अधिक व्यापक अर्थाने, आभासी यंत्र असे नाव आहे. वेबॲसेम्ब्लीच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत बाइटकोड ब्राउझरच्या बाहेर पडल्याचे मोठ्या नवलाईने सांगितले जाते. प्रत्यक्षात तो ब्राउझरच्या आधी वीस वर्षे बाहेरच वावरत होता, मध्यंतरी ब्राउझरमध्ये शिरला आणि पुन्हा बाहेर आला. या साऱ्या काळात बेरीज-वजाबाकीच्या आज्ञा सर्व यंत्रांवर सारख्या चालवणे फारसे अवघड ठरले नाही. अवघड ठरले ते प्रोग्रॅमभोवतीचे जग, म्हणजे फाइल, पडदा, नेटवर्क, कॅमेरा, सर्व ठिकाणी सारखे करणे आणि त्यातील कशाला हात लावण्याची मुभा प्रोग्रॅमला द्यावी हे ठरवणे.

महाराष्ट्राचा या विचाराशी पहिला व्यावसायिक संबंध मुंबईत आला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ च्या सुमारास अमेरिकेच्या बरोज कंपनीचे जे काम घेतले, त्यात एका रुग्णालय-प्रणालीचे कोबोल भाषेतील प्रोग्रॅम बरोजच्या मध्यम यंत्रांवरून तिच्याच लहान यंत्रांवर न्यायचे होते. नवे यंत्र मुंबईत येईपर्यंत थांबणे परवडणारे नसल्याने हाताशी असलेल्या आयसीएल १९०३ या तिसऱ्याच यंत्रावर रूपांतर करणारा प्रोग्रॅम लिहिला गेला, आणि भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या प्रारंभीच्या कामांत त्याची गणना होते. ज्या लहान यंत्रांकडे हे प्रोग्रॅम चालले होते, ती बी-१७०० मालिका या इतिहासात स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. १९७२ मध्ये आलेल्या या यंत्राला स्वतःची ठाम अशी आज्ञावली नव्हती. कोबोलसाठी एक कल्पित आज्ञावली, फोरट्रानसाठी दुसरी, आणि जो प्रोग्रॅम चालू असेल त्याच्या भाषेचा इंटरप्रीटर यंत्राच्या सूक्ष्म आज्ञांच्या पातळीवर त्या क्षणी पुढे येई. एकच मध्यम भाषा सर्वांसाठी ठरवण्याऐवजी प्रत्येक भाषेला तिची सोयीची मध्यम भाषा देण्याचा हा मार्ग पुढे मागे पडला. तो मागे पडण्याचे कारण त्याची उणीव हे नसून लहान प्रोसेसर स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध होणे हे होते, असे म्हणण्यास जागा आहे.

याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या तंत्रविज्ञान विद्यापीठात निकलाउस विर्थ यांच्या भोवती जे घडत होते, त्याचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो. विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल ही भाषा प्रसिद्ध केली आणि तिचा कंपायलर त्यांच्याकडील सीडीसी कंपनीच्या मोठ्या यंत्रासाठी तयार केला. इतर विद्यापीठांना पास्कल हवी होती, परंतु प्रत्येकाचे यंत्र निराळे असल्याने प्रत्येकासाठी निराळा कंपायलर लिहिणे झुरिकच्या लहान चमूला शक्य नव्हते. तेव्हा जो संच तयार झाला त्यास पास्कल-पी असे नाव मिळाले. संचात तीन गोष्टी असत: पास्कलमध्येच लिहिलेला कंपायलर, त्याच कंपायलरचे एका कल्पित यंत्राच्या आज्ञांत झालेले रूपांतर, आणि त्या कल्पित यंत्राचे वर्णन. संच ज्याच्या हाती पडे त्याने वर्णन वाचून आपल्या यंत्रावर एक छोटा इंटरप्रीटर लिहायचा. तो चालू लागला की कंपायलर आपोआप चालू लागे आणि कंपायलर चालला की पास्कलमधील कोणताही प्रोग्रॅम. कल्पित यंत्राची रचना चळतीवर आधारलेली होती, म्हणजे बेरजेची आज्ञा आपले आकडे कोठून घ्यायचे हे सांगत नसे. चळतीच्या वरचे दोन आकडे उचलावे आणि उत्तर पुन्हा चळतीवर ठेवावे, एवढाच तिचा अर्थ असे. खऱ्या प्रोसेसरमध्ये आकडे ठेवण्याच्या जागा, म्हणजे रजिस्टर, किती आहेत याची फिकीर त्यामुळे कोणालाच करावी लागत नसे. बीसीपीएल भाषेसाठी मार्टिन रिचर्ड्स यांनी असाच प्रयोग आधी केला होता, पण विद्यापीठांतून विद्यापीठांत वेगाने पसरला तो झुरिकचा संच.

या संचाच्या अंमलबजावणीविषयीचे टिपण १९७४ मध्ये निघाले आणि त्याच्या लेखकांत उर्स अम्मान, काटलीन येन्सन आणि नेगेली यांच्याआधी पहिले नाव भारतातून तेथे गेलेल्या केशव नोरी यांचे आहे. नोरी भारतात परतले, आयआयटी कानपूरमध्ये शिकवू लागले आणि पुढे पुण्याच्या टाटा संशोधन, विकास आणि आरेखन केंद्रात आले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये सुरू झालेले हे केंद्र हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत उभे राहिले आणि कंपायलर आपोआप घडवणारी साधने, प्रोग्रॅमचे विश्लेषण, आराखड्यापासून प्रोग्रॅम निर्माण करणे अशा विषयांवर तेथे काम होऊ लागले. डिसेंबर १९८७ आणि डिसेंबर १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षे सैद्धांतिक संगणकशास्त्राची अखिल भारतीय परिषद पुण्यात भरली आणि तिच्या निबंधसंग्रहांच्या संपादनात नोरींचा सहभाग होता. पुण्याच्या संगणक-इतिहासात परम महासंगणकाची कथा जितक्या वेळा सांगितली जाते त्याच्या शतांशानेही ही हकीगत सांगितली जात नाही. महासंगणकाचे छायाचित्र काढता येते. मध्यम भाषेचे काढता येत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

झुरिकच्या संचावरून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत केनेथ बोल्स यांनी लहान यंत्रांसाठी संपूर्ण प्रणालीच उभारली. तिच्या बाइटकोडवर आधारलेली पास्कल १९७९ मध्ये ॲपल-२ वर आली, आणि १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्यासाठी जाहीर झालेल्या तीन कार्यप्रणालींपैकी ही एक होती. ती हरली. प्रत्येक आज्ञा वाचून मग पाळायची या पद्धतीने प्रोग्रॅम थेट भाषांतराच्या मानाने कित्येक पटींनी मंद चालत आणि त्या काळच्या प्रोसेसरना ते ओझे पेलत नव्हते. शिवाय आयबीएमच्या एकाच नमुन्याची यंत्रे जिकडेतिकडे झाल्यावर विविधतेवरील उपायाची गरजही काही वर्षांपुरती ओसरली.

ती गरज पुन्हा जागी झाली घरगुती उपकरणांच्या निमित्ताने. जेम्स गॉसलिंग यांनी विद्यार्थिदशेत पर्क नावाच्या यंत्राचा पास्कल-बाइटकोड व्हॅक्स यंत्राच्या आज्ञांत उतरवण्याचे काम केले होते. १९९१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये टीव्हीचे खोके आणि हातात धरायची साधने यांसाठी भाषा घडवण्याची वेळ आली तेव्हा त्यांना तोच मार्ग सुचला, कारण अशा उपकरणांचे निर्माते पाच रुपये वाचले तरी प्रोसेसर बदलतात. म्हणजे जावाची कल्पनाही मुळात ब्राउझरसाठी नव्हतीच. उपकरणांचे गिऱ्हाईक मिळेना म्हणून तिला नुकत्याच उदयाला आलेल्या वेबकडे वळवण्यात आले. २३ मे १९९५ रोजी ती जाहीर झाली, नेटस्केपने तिला आपल्या ब्राउझरमध्ये जागा दिली, आणि वेबपानासोबत उतरून येणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रॅमला ॲपलेट हे नाव रूढ झाले. परक्या ठिकाणाहून आलेला प्रोग्रॅम वाचकाच्या यंत्रावर चालणार असल्याने बाइटकोड आधी तपासणे आणि मग त्याला कुंपणाआड चालवणे, म्हणजे सँडबॉक्सची पद्धत, या काळात ठळक झाली. ब्राउझरमधील मुक्कामाने बाइटकोडला दिलेली खरी देणगी वेगाची नव्हे, ती संशयाची होती.

ॲपलेटचा अस्त लांबत गेला. बँकांची आणि मोठ्या कंपन्यांची कामे जावाने सर्व्हरवर, ब्राउझरपासून पूर्ण दूर, केव्हाच सांभाळायला घेतली होती. आज्ञांचे भाषांतर प्रोग्रॅम चालू असतानाच करणारी आभासी यंत्रे आल्यावर मंदपणाचा जुना आक्षेपही बराचसा मिटला. महाराष्ट्रात मात्र सरकारी कंत्राटदाराला ॲपलेटची ओळख पटली ती ई-निविदेमुळे. राष्ट्रीय सूचना केंद्राच्या ई-निविदा प्रणालीत डिजिटल स्वाक्षरीची पेनड्राइव्हसारखी किल्ली वाचण्याचे काम ॲपलेट करत असे, कारण साध्या वेबपानाला संगणकाला जोडलेल्या साधनाला हात लावता येत नाही. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये अशा जोडप्रोग्रॅमांचा आधार काढून घेतला, तेव्हा स्वाक्षरीचे हे काम संगणकावर स्वतंत्र बसवायच्या प्रोग्रॅमकडे सोपवावे लागले. ब्राउझरमधून बाइटकोड बाहेर पडण्याचा हा प्रकार तत्त्वचर्चेतून झाला नाही. दार बंद झाले म्हणून झाला.

मोबाइलवरची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि ग्रामीण महाराष्ट्राशी अधिक जवळची. २००० नंतरच्या दशकात साध्या हँडसेटमध्ये जावाचे लहान रूप बसू लागले. ज्या आभासी यंत्रावर ते चाले त्याचा आकार काही दशकिलोबाइटांचा होता आणि प्रारंभीच्या काही हँडसेटांत संपूर्ण प्रोग्रॅम ६४ किलोबाइटांत बसवावा लागे. आज्ञा सर्वत्र सारख्या होत्या. फाइल उघडण्याची सोय एका पुरवणीत, ठिकाण कळण्याची दुसऱ्या, आवाज आणि चित्राची तिसऱ्या पुरवणीत होती, आणि कोणत्या हँडसेटमध्ये कोणती पुरवणी आहे हे उत्पादक ठरवत. सनच्या ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ या घोषणेचे ‘एकदा लिहा, सगळीकडे तपासा’ असे विडंबन प्रोग्रॅमर मंडळींत रूढ होते आणि ते अन्यायाचे नव्हते. मराठीपुरती तर आणखी एक अडचण होती, की अनेक हँडसेटांना देवनागरी अक्षरे, विशेषतः जोडाक्षरे, धड उमटवताच येत नसत; मग प्रोग्रॅमच्या पोटात अक्षरांची चित्रे भरावी लागत आणि ६४ किलोबाइटांचा बराचसा भाग त्यातच खर्ची पडे. नोकियाची लाइफ टूल्स ही शेतीभाव आणि हवामानाची सेवा २००९ मध्ये प्रथम महाराष्ट्रात सुरू झाली तेव्हा हँडसेटमध्येच बसवलेली चित्ररूप मांडणी आणि मजकुराची ने-आण एसएमएसवरून, अशी तिची रचना होती. कारण खेड्यात इंटरनेटवर विसंबता येत नाही हे गृहीत धरले होते. त्याच हँडसेटच्या आत, बहुतेक ग्राहकांच्या नकळत, बाइटकोडचे आणखी एक घर होते. जावा कार्ड या १९९६ मध्ये मांडलेल्या रूपामुळे सिमकार्डाच्या नखाएवढ्या चिपवरही एक आभासी यंत्र चालू लागले आणि मोबाइल कंपनीचे मेनू त्याच्यावर उतरवता येऊ लागले.

अँड्रॉइडने २००८ मध्ये जावा भाषा ठेवली आणि आभासी यंत्र बदलले. डॅन बॉर्नस्टीन यांनी घडवलेले डाल्विक हे यंत्र चळतीऐवजी कल्पित रजिस्टरांवर चाले आणि त्याच्या बाइटकोडला डेक्स म्हणतात. २०१४ पासून त्याची जागा घेतलेल्या नव्या यंत्राने हा बाइटकोड फोनवर ॲप बसवतानाच प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवून ठेवण्याची पद्धत आणली, आणि पुढे बसवताना काही व वापरताना काही असा मध्यममार्ग पत्करला. जावाची मालकी हाती आलेल्या ओरॅकलने या प्रकरणी २०१० मध्ये अँड्रॉइडच्या निर्मात्या गुगलवर लावलेला दावा एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गुगलच्या बाजूने संपला; त्यात वाद आभासी यंत्राच्या गतीचा नव्हता, प्रोग्रॅम आणि बाहेरचे जग यांमधल्या जावाच्या सुमारे ११,५०० ओळींच्या घोषणांचा होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या तालुक्यांत प्रोग्रॅमभोवतीच्या जगाचा हा प्रश्न कागदावरून शेतात उतरला. पूर्वीची हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद मावळ ही खोरी आज याच दोन तालुक्यांत येतात. भोर १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाचे ठाणे होते आणि वेल्ह्याचे नाव राजगड तालुका असे बदलण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. पावसाळी भात, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरई, सुमारे १,४०० मीटर उंचीच्या तोरण्यापासून फुटलेल्या सोंडा आणि त्यांच्यामध्ये अरुंद दऱ्या, असे हे भूगोलाचे स्वरूप आहे. सातबारा उताऱ्यातील गाव नमुना बारा, ज्यात हंगामनिहाय पिकाची नोंद असते, तो पूर्वी तलाठी पीक पाहणी करून भरत असे. पुण्यातील जमाबंदी आयुक्त कार्यालयाच्या अखत्यारीतील आणि टाटा ट्रस्टच्या साहाय्याने घडवलेले ई-पीक पाहणी हे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाले आणि ती नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून, शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश यांसह करावी असे ठरले. ऑगस्ट २०२२ मधील सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याची स्वयंघोषित नोंद प्रमाण मानून तलाठ्याने दहा टक्के नोंदी पडताळाव्यात आणि शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता यावी, अशा तरतुदी झाल्या.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकच ॲप असंख्य प्रकारच्या फोनवर चालू शकते यामागे बाइटकोडचा मोठा वाटा आहे. खेड्यातील फोनमध्ये क्वालकॉमचा, मीडियाटेकचा किंवा युनिसॉकचा, ३२ बिटांचा किंवा ६४ बिटांचा, जुना किंवा नवा असा कोणताही प्रोसेसर असू शकतो, आणि अँड्रॉइड ॲपच्या पुडक्यातील डेक्स आज्ञांना त्याची पूर्वकल्पना असण्याची गरज नसते. अपवाद होता तो २०१७ मध्ये आलेल्या आणि खेड्यापाड्यांत खूप खपलेल्या जिओफोनचा; त्याची कायओएस ही प्रणाली फायरफॉक्सच्या कुळातील असल्याने तेथे सारे प्रोग्रॅम पुन्हा ब्राउझरच्याच यंत्रावर चालत आणि डेक्स बाइटकोडला तेथे थाराच नव्हता. परंतु ज्यांच्याकडे अँड्रॉइड होता त्यांचीही अडचण आज्ञांची नव्हती. फोनला आपले ठिकाण उपग्रहांवरून मोबाइलच्या रेंजविनाही कळते. मात्र उपग्रहांच्या स्थितीची माहिती इंटरनेटवरून झटकन मिळाली नाही, तर ती थेट उपग्रहाकडून गोळा होईपर्यंत वेळ जातो, आणि दोन्ही बाजूंनी डोंगर चढलेल्या दरीत आकाशाची पट्टीच अरुंद असल्याने पुरेसे उपग्रह दिसत नाहीत व ठिकाण काही मीटरांनी सरकते. भाताच्या खाचरांची रुंदीही तेथे काही मीटरांचीच असते. नोंद फोनमध्ये साठवून रेंजमध्ये आल्यावर पाठवण्याची सोय हा त्यावरचा अर्धा उपाय होता. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ नंतर, ठिकाण आणि कॅमेरा वापरण्याची परवानगी ॲप बसवताना एकदम न मागता वापरण्याच्या वेळी मागितली जाते. ती अनवधानाने नाकारली गेली तरीही ॲप चालू राहते, फक्त त्याला शेत दिसत नाही.

परवानगीच्या याच प्रश्नाला वेबॲसेम्ब्लीच्या मंडळींनी निराळ्या बाजूने हात घातला. ब्राउझरमध्ये सी किंवा सी++ मधील जड प्रोग्रॅम वेगाने चालवता यावेत म्हणून जून २०१५ मध्ये जाहीर झालेला हा बाइटकोड मार्च २०१७ पर्यंत चारही प्रमुख ब्राउझरनिर्मात्यांनी मान्य केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये वेबच्या मानक-संस्थेची त्यावर मोहर उमटली. त्याची रचना झुरिकच्या यंत्राप्रमाणे चळतीवर आधारलेली आहे, एकाच फेरीत तपासून होईल इतकी शिस्तबद्ध आहे, आणि तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य अभावात्मक आहे: वेबॲसेम्ब्लीच्या प्रोग्रॅमला बाहेरच्या जगाविषयी काहीही ठाऊक नसते. त्याच्याजवळ स्मृतीचा एक सलग पट्टा असतो. फाइल नाही, घड्याळ नाही, पडदा नाही. जे हवे ते यजमान प्रोग्रॅमने हाती द्यावे लागते. ब्राउझरमध्ये यजमान जावास्क्रिप्ट असते; ब्राउझरबाहेर यजमान कोण आणि तो काय देणार, याची सर्वमान्य यादी २०१९ पर्यंत नव्हती.

त्या वर्षी २७ मार्चला मोझिलाच्या लिन क्लार्क यांनी वासी या प्रणाली-जोडणीच्या मानकाची घोषणा केली. डॉकर या, प्रोग्रॅम आणि त्याचा सारा परिसर एकत्र बांधून पाठवणाऱ्या, साधनाचे जनक सॉलोमन हाइक्स यांनी त्याच दिवसांत असे म्हटले, की वेबॲसेम्ब्ली आणि वासी २००८ मध्ये असते तर डॉकर घडवण्याची गरजच पडली नसती. उत्साहाच्या भरातील या वाक्याने मानकाला प्रसिद्धी मिळाली, पण त्यामागील कल्पना त्याहून संयत आहे. नेहमीच्या कार्यप्रणालीत प्रोग्रॅमला त्याच्या मालकाचे सारे अधिकार मिळतात. मालकाला जी फाइल उघडता येते ती प्रोग्रॅमलाही उघडता येते. वासीमध्ये प्रोग्रॅम कोणाचा आहे हे विचारलेच जात नाही. वरंध्यासारख्या घाटातून माल उतरवणाऱ्याला चौकीवर आपले नाव-गाव सांगून भागत नसे, त्या मालाचे दस्तक हाती असावे लागे, तसे वासीच्या प्रोग्रॅमला विशिष्ट फोल्डरचे दस्तक सुरुवातीलाच दिले जाते आणि त्याबाहेरील फोल्डर त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोझिला, फास्टली, इंटेल आणि रेड हॅट यांनी बाइटकोड अलायन्स ही संघटना स्थापली. वासमटाइमसारखी आभासी यंत्रे तिच्या छत्राखाली वाढली, आणि थोड्याच स्मृतीत भागणारी, लहान उपकरणांसाठीची आवृत्तीही तेथे घडली. गॉसलिंग यांच्या टीव्हीच्या खोक्याची मूळ गरज तीस वर्षांनी नव्या रूपात पुन्हा पुढे आली. ॲमेझॉनने २०२२ च्या आरंभी प्राइम व्हिडिओच्या टीव्हीवरील ॲपमध्ये वेबॲसेम्ब्ली वापरल्याचे सांगितले, तेही हजारो प्रकारच्या उपकरणांना वेगवेगळे अद्ययावत करणे अशक्य झाल्यामुळेच.

जानेवारी २०२४ मध्ये वासीची ०.२ ही आवृत्ती ठरली. तिच्यात घड्याळ, यादृच्छिक आकडे, फाइल, नेटवर्कच्या जोडण्या आणि वेबविनंत्या यांची जोडणी आहे, आणि वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले घटक एकमेकांशी कसे बोलतील याचा करारही आहे. ही यादी सर्व्हर चालवणाऱ्यांच्या गरजांवरून घडलेली आहे, आणि ती घडवणाऱ्यांत क्लाउड सेवा विकणाऱ्या कंपन्यांचे प्राबल्य पाहता त्यात नवल नाही. कॅमेरा तिच्यात नाही. उपग्रहावरून ठिकाण कळण्याची सोय नाही. त्यामुळे गुंजवणीच्या किंवा वेळवंडीच्या खोऱ्यातील खाचराची नोंद घेणारे ॲप जोवर अँड्रॉइडवर आहे तोवर त्याच्या जगाची यादी गुगलच ठरवणार आहे, आणि जमाबंदी खात्याने शेताच्या हद्दीपासूनचे अंतर किंवा छायाचित्राची अट बदलली, की तिचा मेळ त्या यादीशीच घालावा लागणार आहे.